हाताने सोल्डरिंग: स्थिर विजेपासून संरक्षण आणि पक्का सांधा यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडणाऱ्या कारखान्यांत दोन दोष असे आहेत, जे शेवटच्या टेस्टमध्ये बहुधा सापडतच नाहीत. पहिला दोष ड्राय सोल्डरचा. सांधा वरून जुळलेला दिसतो, टेस्ट जिगवर, म्हणजे बोर्ड अडकवून तपासण्याच्या साच्यावर, सगळे आकडे बरोबर येतात, आणि गिऱ्हाइकाकडे थोडे हादरे व थोडी उष्णता मिळाली की तो सुटतो. दुसरा दोष स्थिर विजेने झालेल्या अर्धवट इजेचा. मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या गेट नावाच्या टोकाखालचा विद्युतरोधक ऑक्साइडचा पातळ थर पुरता फुटत नाही, नुसता कमकुवत होतो, त्यातून गळती सुरू होते, आणि तो कंपोनंट काही आठवडे व्यवस्थित चालून मग निकामी होतो. या दोन्हींवरचा उपाय टेस्टच्या टेबलावर नसून त्याआधीच्या कामाच्या क्रमात असतो, आणि बहुतेक ठिकाणी बिघडलेला असतो तो हा क्रमच. रिस्ट स्ट्रॅप (अंगावरचा भार अर्थकडे नेणारा मनगटपट्टा) असतो, पण आयसी पिशवीतून बाहेर काढून झाल्यावर मनगटावर चढतो. सोल्डरिंग स्टेशन उत्तम असते, पण सोल्डरची वायर सांध्यावर न लावता बिटवर, म्हणजे आयर्नच्या पुढच्या तापलेल्या भागावर, वितळवली जाते.

उदाहरण म्हणून येथे शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचा कंट्रोल बोर्ड धरला आहे: १.६ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंना तांबे असलेला पीसीबी, एक मायक्रोकंट्रोलर, रिले चालवणारे मॉसफेट, दोन-तीन रिले, लहान ट्रान्सफॉर्मर, जाड पायांचे टर्मिनल ब्लॉक आणि बाकी रेझिस्टर-कपॅसिटर. भोसरी किंवा सातपूरच्या लहान गाळ्यांत अशा स्वरूपाचे काम हातानेच होते. हा बोर्ड पुढे पत्र्याच्या पेटीत, उन्हात आणि काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) हादऱ्यांत वर्षानुवर्षे चालायचा असतो. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, तेव्हा बोर्ड बंद पडला म्हणजे कोणीतरी अंधारात विहिरीपर्यंत चालत जाणार असतो, हेही सोल्डर करणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

टप्पा १: आधी अर्थिंग, मग मॅट

मॅट आणून टेबलावर अंथरली की खबरदारी झाली, हा सर्वांत सामान्य गैरसमज आहे. मॅट विद्युतभाराला जमिनीकडे जाण्यासाठी सावकाश वाट करून देते, आणि ती वाट पुढे अर्थपर्यंत पोहोचलेली नसेल, तर ती रबराची एक महागडी चादर उरते.

१. प्रत्येक सॉकेटची अर्थ पिन मुख्य पॅनेलपर्यंत सलग जोडलेली आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या गाळ्यांत तिसऱ्या पिनची वायर अर्धवट सोडलेली आढळते, आणि काही ठिकाणी ती सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडलेली असते. असा जोड तत्काळ काढावा. न्यूट्रल वाटेत तुटला, तर त्या सॉकेटवरच्या सर्व धातूच्या भागांवर वीज येते.

२. प्रत्येक टेबलाला एक सामाईक अर्थ बिंदू द्यावा आणि तो विद्युतपुरवठ्याच्या अर्थलाच जोडावा. स्टॅटिकसाठी स्वतंत्र रॉड पुरावा असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. रॉड वेगळा आणि सोल्डरिंग स्टेशनचा अर्थ वेगळा असला, तर दोहोंमध्ये व्होल्टेजचा फरक राहू शकतो. मग माणूस एका पातळीवर आणि बिटचे टोक दुसऱ्या पातळीवर राहते, आणि तो फरक नेमका कंपोनंटमधून वाहतो. रॉड पुरून झालाच असेल, तर तो मुख्य अर्थला जोडून घ्यावा.

३. मॅट, रिस्ट स्ट्रॅपचे सॉकेट आणि सोल्डरिंग स्टेशन हे प्रत्येकी स्वतंत्र वायरने सामाईक बिंदूवर आणावेत. एका मॅटवरून दुसऱ्या मॅटवर अशी साखळी केली, तर मधली एक वायर निघाली की पुढची सगळी टेबले अर्थविना राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रिस्ट स्ट्रॅपची मगर-क्लिप मॅटच्या कडेला चिमटवण्याची सवयही सोडावी, कारण त्याने मॅटचा रोधही वाटेत येतो.

४. मॅटच्या पृष्ठभागापासून अर्थपर्यंतचा रोध मोजावा. तो १० लाख ते १०० कोटी ओहम यांच्या दरम्यान असावा. साध्या मल्टिमीटरने ही मोजणी होत नाही. त्यासाठी जड इलेक्ट्रोड असलेला सरफेस रेझिस्टन्स मीटर लागतो.

५. बोर्डापासून निदान ३० सेंटिमीटरच्या आत थर्माकोल, पॉलिथिन पिशव्या, सेलोटेपचे रीळ, प्लास्टिकचे फाइल कव्हर, चहाचे प्लास्टिक कप आणि डब्याची पिशवी यांपैकी काहीही ठेवू नये. या वस्तू विद्युतरोधक असल्याने त्यांच्यावरचा भार जागचा हलत नाही, आणि म्हणून त्या अर्थ केलेल्या मॅटवर ठेवूनही काही उपयोग होत नाही. कामासाठी एखादी रोधक वस्तू जवळ ठेवणे अटळ असेल, तर तिच्यावर आयोनायझरचा (हवेत आयन सोडून भार नाहीसा करणाऱ्या यंत्राचा) झोत सोडावा लागतो.

हवेतील दमटपणाचा येथे मोठा वाटा आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांनुसार टेबलावरून पॉलिथिनची पिशवी उचलताना कोरड्या हवेत सुमारे २०,००० व्होल्ट तयार होऊ शकतात, तर दमट हवेत सुमारे १,२००. पुण्या-नाशिकच्या बाजूला फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दुपारची हवा फार कोरडी होते. जुलैत स्ट्रॅपशिवाय काम करून काही बिघडले नाही, हा अनुभव एप्रिलमध्ये कामाचा नाही. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवावी आणि आकडा रोज लिहावा. मात्र दमट हवा ही अर्थिंगला पर्याय ठरत नाही, कारण १,२०० व्होल्टही कित्येक कंपोनंटना पुरून उरतात.

तपासून पाहा: मॅट सिलिकोनयुक्त चमक देणाऱ्या द्रवाने पुसली जात नाही ना? त्याचा रोधक थर मॅटवर बसतो आणि नवी मॅटसुद्धा मोजणीत नापास होते.

टप्पा २: माणसाची तयारी

माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. अनेक आयसी आणि मॉसफेट यांना २०० व्होल्टच्या आतही इजा होते. म्हणजे कंपोनंट मारणारा बहुतेक प्रत्येक झटका हाताला न कळता जातो. त्यामुळे ‘आम्हांला कधी करंट जाणवला नाही’ या वाक्याला या कामात काही अर्थ नाही.

१. ईएसडी, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून बचाव करणारा, अ‍ॅप्रन आधी घालावा आणि त्याची बटणे पूर्ण लावावीत. नायलॉनची साडी, सिंथेटिक ओढणी, पॉलिएस्टरचा शर्ट यांवरचा भार त्वचेमार्गे जात नाही, म्हणून मनगटावर स्ट्रॅप असला तरी पदर किंवा बाही बोर्डाजवळ आली की धोका राहतोच. ओढणी आणि पदर अ‍ॅप्रनच्या आत घ्यावेत.

२. रिस्ट स्ट्रॅप थेट त्वचेवर, घट्ट बसेल असा बांधावा. बाहीवर, बांगड्यांवर किंवा मनगटावरच्या धाग्यावर बांधलेला स्ट्रॅप न बांधल्यासारखाच असतो. स्ट्रॅपच्या हाताच्या बांगड्या आणि घड्याळ काढणे उत्तम. त्वचा फार कोरडी असल्यास ईएसडीसाठीचे खास लोशन लावावे. घरचे तेलकट क्रीम लावू नये, कारण ते बोटांवरून पॅडवर (बोर्डावरच्या, पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर) जाते आणि मग पॅड सोल्डर धरत नाही.

३. हील स्ट्रॅप (टाचेला बांधायचा, भार फरशीत उतरवणारा पट्टा) दोन्ही पायांत घालावा आणि त्याची पट्टी बुटाच्या आत, मोज्याखाली सरकवावी. बाहेर चपला काढून नुसत्या मोज्यांवर आत येण्याची पद्धत स्वच्छतेला चांगली असली, तरी साध्या फरशीवर त्याने अर्थ मिळत नाही; हील स्ट्रॅपला ईएसडी फरशीची जोड लागते. बसून काम करताना पाय खुर्चीच्या कड्यावर जातात आणि हील स्ट्रॅप निरुपयोगी ठरतो, म्हणून बसणाऱ्याला रिस्ट स्ट्रॅप अनिवार्य आहे.

४. टेबलाशी बसण्यापूर्वी स्ट्रॅप टेस्टरवर तपासावा. माणूस, स्ट्रॅप आणि वायर मिळून रोध ३५ मेगओहमच्या (एक मेगओहम म्हणजे १० लाख ओहम) आत असला पाहिजे. तपासताना वायर प्लगजवळ थोडी वाकवून पाहावी, कारण ती तेथेच आतून तुटते आणि कधी लागते, कधी सुटते.

५. पाळी संपतानाही तीच तपासणी करावी. सकाळी पास झालेला स्ट्रॅप दुसऱ्या दिवशी सकाळी नापास झाला, तर मधल्या संपूर्ण पाळीचे बोर्ड संशयित होतात. संध्याकाळची नोंद असली, तर दोष कधी शिरला हे निदान पाळीपुरते तरी ठरवता येते. लॉगबुकमध्ये महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने सगळ्या सह्या करण्याचा प्रकार ज्यांना परिचित आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

सावधान: स्ट्रॅपच्या वायरमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झाला, तर त्या वाटेने जाणारा प्रवाह तो ०.२३ मिलिअँपिअरवर रोखतो. तो काढून सरळ वायर जोडणे म्हणजे माणसाला अर्थला बांधून ठेवणे होय. मेन्सवर चालू असलेल्या बोर्डावर काम करताना मात्र रेझिस्टर असलेला स्ट्रॅपही घालू नये.

टप्पा ३: साहित्य उघडणे

येथे क्रम चुकला की आधीचे दोन्ही टप्पे वाया जातात. पिशवी मॅटवर ठेवावी, स्ट्रॅप लागला आहे याची खात्री करावी, आणि मगच ती उघडावी. गुलाबी पिशवी स्वतः भार तयार करत नाही, पण बाहेरून आलेल्या झटक्यापासून आतल्या कंपोनंटचे रक्षण करत नाही. ते काम चंदेरी शिल्डिंग पिशवी करते, तेही तिचे तोंड बंद असतानाच. शिल्डिंग पिशवीवर आयसी ठेवून काम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की संरक्षण पिशवीच्या आत असते, वर नसते. एका वेळी एका बॅचला लागतील तेवढेच मॉसफेट आणि मायक्रोकंट्रोलर बाहेर काढावेत.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्लास्टिकच्या आवरणातील आयसी हवेतील ओलावा शोषतात आणि अचानक तापल्यावर आतली वाफ आवरण तडकवते. पिशवीवर एमएसएल ३ (ओलाव्याबाबतच्या संवेदनशीलतेची पातळी) असे छापलेले असेल, तर ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेच्या मर्यादेत उघडल्यापासून १६८ तासांच्या आत ते कंपोनंट बोर्डावर लागले पाहिजेत. कोकणपट्टीत किंवा मुंबई-ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये एसी नसलेल्या खोलीत ही मर्यादा पाळलीच जात नाही. हॉट एअरने बसवायचे असे कंपोनंट सिलिका जेलच्या घट्ट डब्यात किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवावेत. बिटने एकेक पाय सोल्डर करताना हा धोका बराच कमी असतो.

सोल्डर वायरबाबत निर्णय एकदाच करावा आणि पाळावा. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेली वायर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. एसएसी३०५ ही शिसेविरहित वायर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. या दोन्ही एका टेबलावर ठेवू नयेत, आणि त्यांच्यासाठी बिट व स्पंजही वेगळे असावेत. साध्या सांध्यांना ०.८ मिलिमीटर, मायक्रोकंट्रोलरच्या बारीक पायांना ०.५ आणि टर्मिनल ब्लॉकला १ ते १.२ मिलिमीटर जाडीची वायर योग्य पडते. पत्र्याच्या किंवा तांब्याच्या नळ्यांच्या कामासाठी मिळणारे आम्लयुक्त फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढून सोल्डर धरू देणारा पदार्थ) बोर्डाच्या जवळही आणू नये.

सावधान: शिसे या तापमानाला वाफ होऊन श्वासात जात नाही, ते बोटांवरून पोटात जाते. जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. धूर येतो तो फ्लक्समधल्या राळेचा असतो, आणि त्यानेही दम्याचा विकार जडतो, म्हणून धूर ओढणारा पंखा तोंडासमोर नव्हे, बोर्डाच्या बाजूला लावावा.

टप्पा ४: बिट आणि तापमान

दोन पिनांचा स्वस्त सोल्डरिंग आयर्न या कामासाठी वापरू नये. त्याची बिट अर्थ झालेली नसते आणि तिच्यावर गळतीचे व्होल्टेज राहू शकते. अर्थ असलेल्या स्टेशनच्या बिटचा अर्थपर्यंतचा रोध नवेपणी २ ओहमच्या आत असावा आणि वापरात तो १० ओहमपलीकडे गेला की बिट साफ करावी किंवा बदलावी. काळी पडलेली बिट दोन्ही बाजूंनी नुकसान करते: उष्णताही नीट देत नाही आणि अर्थही नीट देत नाही.

तापमान शिसेयुक्त वायरसाठी ३२० ते ३४० आणि शिसेविरहित वायरसाठी ३५० ते ३७० अंशांच्या आसपास ठेवावे. डिस्प्लेवरचा आकडा बिटच्या टोकाचा असतोच असे नाही, तेव्हा टिप थर्मामीटरने वेळोवेळी पडताळावे. सोल्डर धरत नाही म्हणून तापमान ४२० वर नेणे ही शॉप फ्लोअरवरची सर्वांत हट्टी सवय आहे. त्या तापमानाला फ्लक्स काम करण्याआधीच जळतो, पॅडचा गोंद सैल होतो आणि बिटवरचा लोखंडाचा मुलामा लवकर झिजतो. उष्णता कमी पडत असेल, तर बिट रुंद घ्यावी. टर्मिनल ब्लॉकच्या जाड पायाला छिनीच्या आकाराची ३ मिलिमीटरची बिट जे काम ३४० अंशांना करते, ते सुईसारखी बिट ४२० लाही करत नाही.

बिट कानशीने घासू नये. पितळी तारेच्या गोळ्यात पुसून लगेच सोल्डरचा थर द्यावा. स्पंज वापरल्यास तो पिळून घेतलेला, नुसता ओलसर असावा.

टप्पा ५: कंपोनंट बसवण्याचा क्रम

बुटके आधी, उंच नंतर, हा सामान्य नियम आहे. रेझिस्टर आणि डायोड, मग सॉकेट व सिरॅमिक कपॅसिटर, मग इलेक्ट्रोलिटिक, टर्मिनल ब्लॉक, रिले आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर. असे केले की बोर्ड उलटा ठेवल्यावर कंपोनंट टेबलाला टेकून जागेवर राहतात. मायक्रोकंट्रोलर बारीक पायांचा आणि पृष्ठभागावर बसणारा असेल, तर तो मोकळ्या बोर्डावर सर्वांत आधी लावणे भाग पडते. मात्र त्यानंतर तो बोर्ड आयसीइतक्याच काळजीने हाताळावा. बोर्डावर बसला म्हणजे कंपोनंट सुरक्षित झाला, हे खरे नाही. उंच पायांचे मॉसफेट त्यांच्या गेट-सोर्समधला रेझिस्टर लागल्यानंतरच बसवावेत.

पाय वाकवताना कंपोनंटच्या अंगापासून थोडे अंतर सोडून चिमट्याने धरावे, नाहीतर काचेचा डायोड मुळाशीच तडकतो. पॅडना बोटे लावू नयेत. बोर्ड कडेने धरावा.

टप्पा ६: सांधा

आतापर्यंतची सगळी तयारी पुढच्या दोन-तीन सेकंदांसाठी होती.

१. बिट पुसावी आणि टोकावर सोल्डरचा अगदी लहानसा थेंब घ्यावा. हा थेंब सांध्यासाठी नसतो. बिट आणि पाय यांच्यातली हवेची फट भरून उष्णता पोहोचवण्यासाठी असतो.

२. बिटचा चपटा भाग पाय आणि पॅड या दोहोंना एकाच वेळी टेकवावा. नुसता पाय तापवला तर सोल्डर पायावर चढते आणि पॅडवर गोळा होऊन बसते. नुसता पॅड तापवला तर पायाभोवती कडी दिसते. दाब देऊ नये. उष्णता दाबाने जात नाही, टेकलेल्या क्षेत्रफळाने जाते, आणि दाबामुळे पॅड उचलला जातो.

३. साधारण एका सेकंदाने वायर बिटच्या समोरच्या बाजूने, पाय व पॅड मिळतात तिथे लावावी. सोल्डर उष्णतेकडे वाहते, त्यामुळे ते पायाभोवती फिरून बिटकडे येते आणि सांधा चहूबाजूंनी भरतो. वायर तिथे वितळली नाही, तर सांधा अजून तापलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी वायर उचलून बिटवर टेकवण्याचा मोह आवरावा.

४. पुरेसे सोल्डर उतरले की आधी वायर काढावी, अर्ध्या सेकंदाने बिट काढावी. उलट केले तर वायर सांध्यातच चिकटते किंवा वर टोक निघते.

५. सोल्डर गोठेपर्यंत बोर्ड हलवू नये आणि फुंकर मारू नये. गोठताना हललेला सांधा आतून चिरलेला राहतो.

एकूण वेळ दोन ते तीन सेकंद. पाच सेकंदांत सांधा झाला नाही, तर थांबावे, थंड होऊ द्यावे आणि कारण शोधावे: बिट काळी आहे, बिट लहान आहे, पाय गंजलेला आहे किंवा पॅड मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला आहे. शेवटच्या कारणावर बोर्ड खालून सुमारे १०० अंशांपर्यंत प्रीहीट करणे हाच खरा इलाज आहे.

सोल्डर बिटवर वितळवून, थेंब सांध्यापर्यंत नेऊन ‘लावणे’ ही पद्धत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून कारखान्यांत आली असावी आणि ती वेगवान वाटते. वायरमधला फ्लक्स मात्र बिटवरच धूर होऊन जातो, पॅडवरचा ऑक्साइड तसाच राहतो, आणि त्यावर सोल्डर फक्त बसते, धरत नाही. पहिल्या परिच्छेदातला ड्राय सोल्डर बहुतेक वेळा इथेच जन्माला येतो.

रिले आणि टर्मिनल ब्लॉकची तऱ्हा थोडी वेगळी आहे. आधी एकच कोपऱ्याचा पाय सोल्डर करावा, बोर्ड उलटून कंपोनंट टेकला आहे का पाहावे, वाकडा असल्यास तोच पाय पुन्हा वितळवून सरळ करावा, आणि मगच उरलेले पाय घ्यावेत. सगळे पाय गोठल्यावर अंगठ्याने दाबून सरळ केलेला टर्मिनल ब्लॉक सांध्यांत ताण ठेवूनच कारखान्याबाहेर पडतो. पुढे वायरमन स्क्रू आवळतो तेव्हा तोच ताण पॅड उपटतो.

पृष्ठभागावर बसणाऱ्या सिरॅमिक कपॅसिटरच्या टोकाला बिट थेट टेकवू नये. बिट पॅडला टेकवावी आणि सोल्डर कपॅसिटरपर्यंत वाहू द्यावे. एकदम बसलेल्या उष्णतेने सिरॅमिकला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

टप्पा ७: सफाई आणि तपासणी, याच क्रमाने

फ्लक्सच्या थराखाली चिरा आणि बारीक ब्रिज (शेजारच्या दोन सांध्यांना जोडणारे सोल्डर) लपतात, म्हणून सफाई करायची असेल, तर ती तपासणीआधी करावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ईएसडी ब्रश वापरावा. साधा नायलॉनचा ब्रश घासताना स्वतःच भार निर्माण करतो. नो-क्लीन (न धुता ठेवता येणारा) फ्लक्स अर्धवट पुसणे हे न पुसण्यापेक्षा वाईट असते. पातळ झालेला फ्लक्स बोर्डभर पसरतो आणि पांढरा थर ठेवतो. पुसायचे तर पूर्ण धुवावे. या बोर्डांवर दमटपणापासून रक्षणासाठी लेप देणार असल्यास धुण्याला पर्यायच नाही.

त्यानंतर ३ ते १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, तिरक्या उजेडात प्रत्येक सांधा पाहावा. आयपीसी-ए-६१० या इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या मानकाच्या आधारे पाहण्यासारख्या मुख्य गोष्टी अशा:

सोल्डरची कड पॅडवर आणि पायावर पातळ होत गेलेली असावी. कड गोल होऊन आत वळलेली असेल, तर ते सोल्डर धरलेले नाही.

पायाची बाह्यरेषा सोल्डरमधून ओळखू यावी. फुगीर गोळा भक्कम दिसतो, पण आत काय आहे ते तो कळू देत नाही.

मुलामा असलेल्या छिद्रात सोल्डर साधारणपणे निदान ७५ टक्के उंचीपर्यंत चढलेले असावे. त्यासाठी बोर्ड उलटून वरची बाजूही पाहावी लागते, आणि हेच पाहणे नेमके राहून जाते.

पाय सोल्डरमधून बाहेर डोकावत असावा, पण सर्वसाधारण औद्योगिक कामात २.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. पाय सोल्डरिंगनंतर कापताना कटर सोल्डरमध्ये घुसला असेल, तर तो सांधा पुन्हा वितळवून घ्यावा.

चकाकी हा निकष शिसेयुक्त सोल्डरपुरताच उपयोगी आहे. एसएसी३०५ चा चांगला सांधाही मंद आणि किंचित खरखरीत दिसतो. तो चमकावा म्हणून पुन्हा पुन्हा तापवणारे तपासनीस चांगले सांधे बिघडवतात.

टप्पा ८: रिवर्क (सदोष सांध्याची दुरुस्ती)

दोषाचे कारण कळल्याशिवाय बिट हातात घेऊ नये. ब्रिज झाला असेल, तर फ्लक्स लावून स्वच्छ बिट ओढली की तो बहुधा निघतो. सांधा अपुरा असेल, तर वरून सोल्डर चढवण्याआधी फ्लक्स लावून जुने सोल्डर वितळू द्यावे. जुने सोल्डर काढायचे असेल, तर तांब्याची विक (सोल्डर शोषणारी विणलेली पट्टी) सोल्डरवर ठेवून तिच्यावर बिट ठेवावी, आणि विक व बिट एकत्र उचलावी. विक गोठल्यावर खेचली की पॅड सोबत येतो.

साधा प्लास्टिकचा डिसोल्डर पंप झटका देताना त्याच्या तोंडाशी भार तयार होतो, म्हणून मॉसफेट आणि आयसीजवळ ईएसडी प्रकारचाच पंप वापरावा. रिवर्क टेबल हे कारखान्यातले सर्वांत दुर्लक्षित टेबल असते. मॅट जुनी, स्ट्रॅप खिळ्याला टांगलेला, शेजारी थर्माकोलच्या खोक्यात परत आलेले बोर्ड. पहिल्या टप्प्यातली प्रत्येक मोजणी याही टेबलाला लागू आहे.

एकाच पॅडवर दोनदा रिवर्क झाले असेल, तर तिसऱ्या वेळी बोर्ड बाजूला काढून सुपरवायझरने निर्णय घ्यावा.

टप्पा ९: टेस्ट आणि पॅकिंग

मेन्सवरची टेस्ट वेगळ्या टेबलावर, रिस्ट स्ट्रॅप काढून, झाकण असलेल्या जिगमध्ये करावी. बोर्ड जिगमध्ये ठेवताना आणि काढताना पुरवठा बंद असावा आणि मोठे कपॅसिटर रिकामे झालेले असावेत. जिगवर बोर्डाला हलकेच टकटक करून रिलेचे आउटपुट तुटते का पाहिले, तर काही ड्राय सोल्डर येथे पकडले जातात, सगळे नाही.

टेस्टवरून बोर्ड साध्या प्लास्टिक ट्रेमध्ये एकावर एक रचले जातात, आणि आठ टप्पे पाळून वाचवलेला गेट ऑक्साइड इथे जातो. ट्रे काळा, कंडक्टिव्ह असावा आणि बोर्ड खाचांत उभे असावेत. पॅकिंग करणाऱ्यालाही अ‍ॅप्रन आणि स्ट्रॅप लागतो. बोर्ड आधी शिल्डिंग पिशवीत घालून तिचे तोंड दुमडून बंद करावे, आणि मगच बबल रॅप व खोके यावे. पिशवीवर चिकटवायची पट्टी बोर्डापासून दूर ओढावी, कारण टेप रिळावरून सुटताना हजारो व्होल्ट तयार होतात. बॅच क्रमांक, पाळी आणि टेबल क्रमांक पिशवीच्या बाहेर लिहावेत, म्हणजे एखादा बोर्ड परत आला तर त्या दिवशीच्या स्ट्रॅप टेस्टरच्या नोंदीपर्यंत जाता येते.